धरण ‘भरले’ म्हणजे नेमके काय? कोयना आणि चांदोलीच्या पाण्याचा हिशेब

जुलै उलटत आला की सातारा आणि सांगलीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर एक चौकट दिसू लागते. कोयनेत इतके टीएमसी, चांदोलीत इतके टक्के, पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग, सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी इतक्या फुटांवर. आपण ती चौकट क्रिकेटच्या धावफलकासारखी वाचतो आणि आकडा शंभराजवळ गेला की निश्चिंत होतो. कवठेमहांकाळकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी मला एकदा विचारले होते, “सर, धरण ऑगस्टातच भरलं म्हणता, मग मार्चात पाणी सोडताना हात का आखडतो तुमचा?” मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. धरणाच्या चावीला माझा हात कधी लागलेला नाही. प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचे उत्तर त्या चौकटीत नसते, कारण चौकट फक्त पाणी किती आहे हे सांगते. ते कोणत्या पातळीला आहे, कोणत्या महिन्यात आहे आणि किती वेगाने वर-खाली होते आहे, यांवर शेतकरी, रानातला गवा आणि पाण्यातला मासा या तिघांचेही वर्ष ठरत असते.

टीएमसी आणि क्युसेक

टीएमसी हे साठ्याचे माप आहे आणि क्युसेक हे वाहत्या पाण्याचे. विहिरीत किती पाणी आहे हा एक प्रश्न आणि मोटर दर सेकंदाला किती पाणी उपसते हा दुसरा, तसाच हा फरक आहे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, अर्थात सुमारे २,८३१ कोटी लिटर पाणी. ते टँकरने वाहायचे ठरवले, तर दहा हजार लिटरचे २८ लाखांहून अधिक टँकर लागतील. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर. दोन मोठ्या बादल्या समजा.

या दोन मापांना जोडणारा एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह पूर्ण चोवीस तास चालला की एक टीएमसी पाणी होते. त्यावरून पाहिले तर पायथा वीजगृहातून सुटणाऱ्या २,१०० क्युसेकला एक टीएमसी खाली उतरवायला साडेपाच दिवस लागतात. म्हणून ‘कोयनेतून विसर्ग सुरू’ एवढी बातमी वाचून नदीकाठी धावपळ करण्याचे कारण नसते. आधी आकडा पाहावा. पन्नास हजार क्युसेक दिवसभर सुटले, तर मात्र चार टीएमसीहून अधिक पाणी एका दिवसात खाली येते, आणि तेव्हा गोठ्यातली जनावरे हलवण्याचा विचार करावा लागतो.

पेला आणि कढई

टक्केवारी फसवी का असते, हे समजण्यासाठी स्वयंपाकघरात जावे. उभ्या पेल्यात निम्म्या उंचीपर्यंत पाणी भरले तर निम्मे पाणी होते. कढईत निम्म्या उंचीपर्यंत भरले तर निम्म्याहून बरेच कमी भरते, कारण कढई वर रुंद होत जाते. डोंगरातले जलाशय कढईच्या जातीचे असतात. तळाशी नदीची अरुंद घळ आणि वर पसरत गेलेले उतार.

कोयनेचेच उदाहरण घेऊ. पाटण तालुक्यातील या धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे आणि तिच्यामागे पसरलेल्या शिवसागर जलाशयाचे क्षेत्र सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे. धरणाची मूळ साठवण क्षमता ९८.७८ टीएमसी होती. पुढे सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी जिथून सोडतात त्या भागाच्या, वक्र दरवाजांची उंची पाच फुटांनी वाढवल्यावर ती १०५.२५ टीएमसी झाली. म्हणजे एवढ्या उंच भिंतीच्या माथ्यावर माणसाच्या उंचीइतकी भर पडली आणि साडेसहा टीएमसीच्या आसपास पाणी वाढले. हेच पाच फूट तळाशी असते, तर त्यात यातला किरकोळ वाटाच मावला असता. याचा अर्थ असा की धरण भरताना शेवटचे काही फूट सर्वांत सावकाश चढतात, आणि उन्हाळ्यात तळ गाठताना पातळी दिवसागणिक भराभर उतरते. मे महिन्यात ‘धरण झपाट्याने आटतेय’ असे जे वाटते, त्यात आपल्या उपशाइतकाच कढईच्या आकाराचाही हात असतो.

तळाशी आणखी एक हिशेब दडलेला आहे. माठाला तोटी लावतात ती बुडापासून दोन बोटे वर. तोटीखालचे पाणी माठात असते, पण तोटीतून येत नाही. धरणातल्या अशा पाण्याला मृतसाठा म्हणतात. कोयनेत तो सुमारे पाच टीएमसी आहे. तोटीच्या वरचा, वापरता येणारा साठा तो उपयुक्त साठा. बातमीतली टक्केवारी एकूण साठ्याची आहे की उपयुक्त साठ्याची, हे दर वेळी नीट लिहिलेले नसते, आणि उन्हाळ्यात या एका शब्दाने आकड्याचा अर्थ पालटतो. मृतसाठा हे नाव मला कधीच पटले नाही. माशांच्या दृष्टीने मे महिन्यात तोच काय तो जिवंत साठा असतो.

एका धरणाचे पाणी दोन दिशांना

नवजासारख्या ठिकाणी वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यातल्या माण-खटावात पाचशे मिलिमीटर पडला तरी वर्ष बरे गेले म्हणतात. सह्याद्रीने अडवलेले ढग पश्चिमेच्या उतारांवर आणि घाटमाथ्यावर रिते होतात, आणि पूर्वेकडचा मुलूख पर्जन्यछायेत राहतो. घाटमाथ्यावर पाणी साठवून ते वर्षभर पुरवण्याची गरज त्यातूनच आली.

कोयनेचे बहुतेक पाणी मात्र पूर्वेच्या शेताकडे न जाता डोंगराच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरते. तिथे पोफळी आणि आसपासच्या वीजगृहांतली जनित्रे फिरवून ते वाशिष्ठी नदीला मिळते आणि समुद्राकडे जाते. कोयना प्रकल्पाची एकूण वीजक्षमता सुमारे १,९६० मेगावॉट आहे. पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसीपेक्षा जास्त पाणी नेता येणार नाही, अशी मर्यादा कृष्णा पाणीतंटा लवादाने घातलेली आहे. हे वर्ष १ जून ते ३१ मे असे मोजतात आणि त्याला तांत्रिक वर्ष म्हणतात. एखाद्या कुटुंबाला वर्षाचे धान्य एकदाच मिळावे आणि पुढच्या सुगीपर्यंत पुरवून खावे लागावे, तशीच ही गत आहे.

पूर्वेकडचे पाणी पायथ्याच्या वीजगृहातून कोयना नदीत उतरते, कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि तिथून पुढे कृष्णेच्या पात्रातूनच सांगलीकडे जाते. कोयनेतून जतपर्यंत जाणारा एखादा कालवा असेल अशी अनेकांची समजूत असते. इथे नदी हाच कालवा आहे. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतले पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ आणि जतच्या माळावर चढवतात, आणि मग ते कालव्यांतून फिरते. चांदोलीची तऱ्हा थोडी निराळी आहे. शिराळा तालुक्यातल्या या मातीच्या धरणाची क्षमता ३४.४० टीएमसी आहे. त्याचे पाणी वारणेच्या पात्रातून आणि कालव्यांतून जाते आणि सांगलीजवळ हरिपूरच्या संगमावर कृष्णेत मिसळते.

आता द्राक्ष बागायतदारांच्या प्रश्नाकडे येता येईल. मार्चात धरणात दिसणाऱ्या पाण्यातून पश्चिमेच्या विजेचा उरलेला कोटा, नदीकाठच्या गावांचे जुलैपर्यंतचे पिण्याचे पाणी, मधल्या बाष्पीभवनाची तूट आणि पाऊस लांबलाच तर राखून ठेवायचा भाग एवढे वजा होते. उरते त्यातून उन्हाळी आवर्तने द्यायची असतात. आवर्तन म्हणजे पाण्याची पाळी. कालव्याला सलग पाणी न देता ठरावीक दिवस सोडायचे आणि ठरावीक दिवस बंद ठेवायचे. २०२३ च्या पावसाळ्यात कोयना पूर्ण भरली नाही, आणि त्याच हिवाळ्यात सांगलीसाठी पाणी सोडण्यावरून दोन जिल्ह्यांत वाद पेटला. ज्या वर्षी वरचे पाच फूट भरत नाहीत, त्या वर्षी हात ऑक्टोबरपासूनच आखडतो.

पाणी उतरते तेव्हा काठावर काय उगवते

पाणी उतरू लागले की काठाची जमीन उघडी पडते. शेतीच्या भाषेत तिला गाळपेर जमीन म्हणतात. ओलसर, गाळाने माखलेल्या या पट्ट्यावर धरणाच्या बुडीत क्षेत्रात ठिकठिकाणी हरभरा, ज्वारी किंवा चारा घेतला जातो. जिथे काठाला रान भिडलेले आहे आणि शेतीला बंदी आहे, तिथे त्याच ओलीवर कोवळे गवत उगवते. डोंगरमाथ्यावरचे सडे, म्हणजे खडकाळ पठारे, करड्या रंगाचे झालेले असतात, ओढे आटलेले असतात, आणि त्या दिवसांत गवे आणि सांबरे या हिरव्या पट्ट्याकडे उतरतात.

शिवसागराच्या काठचे कोयना अभयारण्य आणि चांदोली धरणाच्या वसंतसागर जलाशयाभोवतीचे चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे एकूण क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर आहे. बामणोलीहून नावेने वासोट्याला गेलेल्यांनी हे रान पाण्याच्या बाजूने पाहिलेले असते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाकडची वाघीण चांदोलीत आणली गेली, तेव्हा चर्चा सगळी वाघिणीची झाली. पण वाघ टिकतो तो सांबर आणि गव्यावर, आणि एप्रिल-मे महिन्यांत हे प्राणी कुठे चरतात हे पाण्याच्या पातळीवरही अवलंबून असते.

सारखी चढ-उतार रानाला मानवत नाही. पातळी हळूहळू उतरली तर गवताचा पट्टा पाण्यामागोमाग खाली सरकत जातो. ती एकदम उतरली तर उघडा चिखल उन्हाने तडकतो, त्यात जनावरे रुततात, आणि गवत धरायला ओल उरत नाही. पातळीचे हे महत्त्व पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यातही दिसते. खटाव तालुक्यातल्या मायणी तलावावर पूर्वीपासून रोहित पक्षी येत, ते पाणी उथळ असेल तेव्हा. गुडघाभर पाण्यात उभे राहून चिखल गाळून खाणाऱ्या या पक्ष्याला काठोकाठ भरलेला तलाव कोरड्या तलावाइतकाच निरुपयोगी असतो.

माशांचे पंचांग

जलाशय म्हणजे माशांची चंगळ, हा समज नदीकाठच्या जुन्या भोई मंडळींना हसू आणतो. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे वाहत्या, गढूळ पाण्यात अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते वाढतात, पण सहसा वीत नाहीत. म्हणून बहुतेक जलाशयांत दरवर्षी मत्स्यबीज, म्हणजे बोटाएवढी वाढवलेली पिल्ले सोडावी लागतात. मच्छीमार त्यांना बोटुकली म्हणतात. महाशीरला तर खडकाळ तळाचे, खळाळते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते, आणि पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर वर चढण्याची त्याची वाट धरणाच्या भिंतीने कायमची अडवली आहे. याउलट परदेशातून आलेली चिलापी साचल्या पाण्यात, वर्षातून अनेकदा, उथळ काठावर वीण घालते आणि बघता बघता तलाव भरून टाकते.

माशाचे अन्न मुख्यतः उथळ काठावर तयार होते. तिथे तळापर्यंत ऊन पोहोचते, शेवाळ धरते, किडे वाढतात. डोंगरी जलाशयाचा काठ तिरपा आणि पाणी खोल, त्यामुळे त्यात उथळ पट्टा आधीच कमी असतो. तो पट्टाही दर आठवड्याला वर-खाली होत राहिला, तर तिथले शेवाळ एकदा वाळते आणि एकदा खोल बुडते. म्हणून तेवढ्याच पाण्यात माण-खटावच्या सपाट मुलखातला एखादा उथळ तलाव शिवसागरापेक्षा एकरी जास्त मासळी देऊ शकतो. शिवाय ऑगस्टात सांडव्यावरून पाणी सुटले की वाढलेली मासळी पाण्याबरोबर खाली जाते. ती खालच्या नदीत जगते, आणि भिलवडीपासून सांगलीपर्यंतच्या कृष्णेतल्या मगरींना तिचा उपयोग होतो, हा भाग वेगळा.

‘समुद्रात जाणारे पाणी आधी पूर्वेकडे वळवा’

ही मागणी दर दुष्काळात येते आणि तिच्यात तथ्य आहे. दुष्काळाच्या वर्षांत पश्चिमेचा कोटा कमी करून पूर्वेला पाणी देण्याचा मार्ग बंद नाही. पण दोन गोष्टी विसरता येत नाहीत. कोळशाची भट्टी तापायला तास-तास लागतात, तर पाण्यावरचे जनित्र काही मिनिटांत सुरू होते. म्हणून संध्याकाळी राज्यभर दिवे लागतात तेव्हाची वाढती मागणी कोयनेवर येते. आणि पूर्वेला पाणी नुसते सोडून भागत नाही, ते उचलावे लागते. टेंभू आणि म्हैसाळचे पंप विजेवरच चालतात. पश्चिमेला पडणारे पाणी वीज देते, पूर्वेला चढणारे पाणी वीज खाते. पंपांची क्षमता, कालव्यांची गळती आणि वीजबिल कोण भरणार हे प्रश्न सोडवल्याशिवाय नदीत जास्त पाणी सोडले, तर ते म्हैसाळच्या पुढे वाहून जाईल.

‘धरण रिकामे ठेवले असते तर महापूर टळला असता’

२०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली इशारा पातळी ४० फूट आहे आणि धोका पातळी ४५ फूट. त्यानंतर हा प्रश्न सांगलीच्या घराघरांत विचारला गेला. भरलेल्या बादलीत नवे पाणी मावत नाही, तसे भरलेले धरण पूर अडवू शकत नाही, हे खरे. म्हणूनच पावसाळ्यात कोणत्या तारखेपर्यंत किती साठा करायचा याचे वेळापत्रक असते, आणि ते काटेकोर पाळले पाहिजे, पावसाच्या अंदाजाप्रमाणे आधीच पाणी सोडले पाहिजे, असे माझेही मत आहे. पण सांगलीला येणारे सगळे पाणी धरणातून येत नाही. धरणाच्या भिंतीखाली, कऱ्हाड ते सांगलीच्या दरम्यान जो पाऊस पडतो आणि ज्या ओढ्यांवर-उपनद्यांवर कुठलीच भिंत नाही, त्यांचे पाणी थेट कृष्णेत येते; त्यावर कोणाची चावी चालत नाही. शिवाय ऑगस्टात रिकामी ठेवलेली जागा सप्टेंबरच्या पावसाने भरली नाही, तर ती तूट थेट पुढच्या मेपर्यंत जाते. दोन्ही धोके एकाच धरणाने पूर्ण टाळावेत, ही अपेक्षा एकाच पोत्यात धान्यही भरावे आणि ते रिकामेही ठेवावे अशी आहे.

‘पाणी आमच्या जमिनीवर, मग मासे धरायला बंदी का?’

मला सर्वांत अवघड वाटतो तो हा प्रश्न. ज्यांची भातखाचरे, देवळे आणि स्मशाने पाण्याखाली गेली, त्यांनी निदान मासे धरावेत यात वावगे काही दिसत नाही. पण राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांच्या हद्दीतल्या पाण्याला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू होतो आणि तिथला जीव तिथून काढता येत नाही, मग तो सांबर असो की मरळ. त्यामागचे कारणही समजण्यासारखे आहे. जाळे रात्री लावावे लागते, जाळ्यामागे नाव येते, नावेमागे काठावरचा मुक्काम आणि चूल येते. पाणमांजर त्याच जाळ्यात गुदमरते. मोठ्या धरणाच्या भिंतीजवळ सुरक्षेचे निर्बंध वेगळेच.

मात्र बंदीच्या हद्दीबाहेर जे तलाव आणि जलाशय आहेत, त्यांचे ठेके देताना धरणग्रस्तांच्या मच्छीमार संस्थांना पहिला हक्क असावा, असे मला ठामपणे वाटते. बाहेरचा ठेकेदार पाच वर्षांत जेवढे निघेल तेवढे ओढतो. ज्याला तिथेच राहायचे आहे तो जाळ्याचा डोळा मोठा ठेवतो, म्हणजे लहान मासा सुटून जातो आणि पुढच्या वर्षी किलोचा होऊन हाती लागतो.

‘गाळ काढून साठा का वाढवत नाहीत?’

गावतळी आणि पाझर तलाव यांतला गाळ उन्हाळ्यात जेसीबीने काढून शेतात टाकता येतो, आणि गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेत तसे होतेही. तलाव उथळ, तळ कोरडा, शेत जवळ, त्यामुळे ते परवडते. शिवसागराचा गाळ मात्र डोंगरदऱ्यांत, बारमाही पाण्याखाली बसलेला आहे. तिथे ट्रॅक्टर नेण्याला वाट नाही, काढलेला गाळ टाकायला जागा नाही, आणि रस्ता काढायचा तर आधी रान कापावे लागेल, म्हणजे आणखी माती सुटेल. डोंगरी धरणात गाळ येऊ न देणे एवढाच उपाय उरतो. पावसाचा मारा पानांनी झेलला, पालापाचोळ्याने मुरवला आणि मुळांनी माती धरली, तर ओढ्याला येणारे पाणी उशिरा आणि स्वच्छ येते, तसेच ते पावसाळ्यानंतरही महिनोन्महिने झिरपत राहते. जावळी आणि पाटणच्या ज्या उतारांवर पूर्वी झाडोरा जाळून नाचणी-वरीची कुमरी होत असे, त्यांतल्या कित्येक उतारांवरची गावे उठली आणि तिथे पुन्हा रान माजले. आटपाडीच्या डाळिंबाला मिळणारे पाणी पहिल्यांदा अडते ते त्या रानातल्या मातीत.